थोरल्या जाऊबाईंचं राळेचं मलम

जाऊबाई, परवा सकाळी पुन्हा एक जण दारात येऊन तुमचं मलम मागून गेला. वरच्या आळीतला म्हातारा, टाचांना भेगा, हातात चुन्याची रिकामी डबी. मी ओट्यावर हरभरे निवडत बसले होते. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून दाराच्या आत पाहिलं.

"थोरल्या बाईंच्या हातचं काय शिल्लक हाय का?"

"त्यांच्या हातचं नाही राहिलं, बाबा. मी केलेलं आहे. तेच तेल, तीच राळ. देऊ का?"

त्याने डबी हातात उलटीसुलटी केली. "ऱ्हाऊ द्या मंग," म्हणाला. "भेगाच हायेत, भरतील आपोआप." आणि लंगडत लंगडत निघून गेला.

तुम्ही गेलात त्याला अजून महिनासुद्धा झाला नाही. घरातली माणसं शहाणी आहेत, माझ्यासमोर तुमचं नाव जपून काढतात. गावाला हे शहाणपण कोण शिकवणार? कोणाचं बोट भाजतं, कोणाच्या पायाला चिखल्या होतात, कोणाचं पोर खाजवून हैराण करतं, की लोक सरळ येतात आणि तुमच्या नावाने हाक मारतात. मी बाहेर आले की त्यांची तोंडं उतरतात. मला राग येतो, आणि त्याच वेळी बरंही वाटतं की तुमचं नाव कोणीतरी मोठ्याने घेतलं.

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही असताना तुम्हाला काही लिहायचा प्रश्नच आला नाही. लिहिलं असतं तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि तुम्ही दुसऱ्याच ओळीला मला तोडून, "ते ऱ्हाऊ दे, आदी चुलीवरचं बघ," म्हणाला असता. आज मधे तोडणारं कोणी नाही, तर कसं लिहावं तेच सुचत नाही.

मी नगरच्या शाळामास्तरांची मुलगी, कोल्हारात सून म्हणून आले तेव्हा भाकरी थापायची माहिती पुस्तकात वाचल्यासारखी होती. पहिल्याच आठवड्यात तव्याला मनगट लागलं. तुम्ही फडताळातून पाण्याने भरलेली बरणी काढलीत, पाणी ओतलंत, तळाचं पांढरं लोण्यासारखं काहीतरी दोन बोटांवर घेऊन माझ्या मनगटावर फिरवलंत. आग थांबली. वडिलांनी शिकवल्याप्रमाणे मी म्हणाले, "फार उपकार झाले." तुम्ही चटकन माझ्या तोंडावर हात ठेवलात.

"आसं बोलू नगं, धाकले. गुन जातो."

तो तुमचा पहिला नियम. औषध घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत, 'येते' म्हणायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही. डबी आपली आपण आणायची, नाहीतर वडाच्या पानावर घेऊन जायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम, घरात सुतक असेल तर औषधाला हात लावायचा नाही. मी हे सगळे नियम ऐकून हसायची. चांगलं औषध आहे, तर दोन शब्द बोलल्याने कसं बिघडेल? तुम्ही म्हणायच्या, "तुला न्हाई कळायचं." मी म्हणायची, "कळण्यासारखं असेल तर सांगा." असा आपला संसार सुरू झाला.

तुमचं माहेर अकोले तालुक्यातलं, डोंगरातलं. तिथं भातलावणीला माणसं दिवस-दिवस चिखलात उभी, म्हणून पायांची औषधं तुमच्या आईने घरोघर वाटली होती. तुम्ही सांगायच्या, "आमी पोरी सांजच्याला रांगेनं पाय धुवायचो आन आई येकयेकीच्या बोटांत मलम भरायची." इकडे कोल्हारात पाटाचं पाणी आलं, उसाची लागवड वाढली, आणि पाटाची दारं धरून उसाला पाणी देणाऱ्या गड्यांच्या बोटांच्या बेचक्या कुजायला लागल्या. उसाच्या पाल्याने बायांचे हात कापून निघायला लागले. गावाला पाण्याबरोबर नवं दुखणं आलं, आणि त्याचं औषध योगायोगाने आपल्या घरी सून होऊन आधीच आलेलं होतं.

मलमाचा दिवस ठरला की अंगणात तीन दगड मांडायचे. तेल्याकडचं तिळाचं तेल, त्यात कडुलिंबाचा पाला आणि टाकळ्याचं बी. बेचक्यांसाठी करायचं असेल तर मेंदीचा पाला जास्तीचा. तो पिंजाऱ्यांच्या हमीदाच्या परसातून यायचा, तिच्याकडे मेंदीचं कुंपणच होतं. पाला कुरकुरीत होऊन करपायच्या आत तेल गाळायचं आणि त्यात राळेची, झाडाच्या त्या सुक्या डिंकाची, बारीक पूड चिमटीचिमटीने सोडायची. जास्त पडली तर तेल फसफसून वर येतं, एकदा माझ्या हातून आलं होतं आणि तुम्ही उलथणं घेऊन माझ्यावर धावला होता, विझवायला की मारायला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. राळ विरघळली की सगळ्या आळीला देवळासारखा वास सुटायचा. मग ते तेल काशाच्या परातीतल्या गार पाण्यात ओतायचं, आणि इथून खरं काम.

आपण समोरासमोर बसायचो. मधे परात. दोघींचे चारही हात पाण्यात. फेटायचं, पिवळं पाणी ओतून द्यायचं, नवं घ्यायचं, पुन्हा फेटायचं. किती पाणी बदलायचं ते तुम्ही कधी मोजलं नाहीत. मी विचारलं की म्हणायच्या, "हाताला कळतं." हळूहळू चिकट पिवळा गोळा सैल व्हायचा, फुगायचा, पांढरा व्हायचा, आणि शेवटी बोटांतून असा निसटायचा की समोरचीचं बोट कुठलं आणि आपलं कुठलं हे पाहिल्याशिवाय समजत नसे.

आपलं भांडण याच परातीवर झालं. तुमचं म्हणणं, गुण हाताचा. एकाच घरचं पीठ, एकाच घरचं पाणी, तरी एकीची भाकरी फुगते आणि दुसरीची पापड होते, तसंच हे. माझं म्हणणं, गुण तेलाचा, राळेचा, पाल्याचा. कोणीही नीट केलं तर तसंच होणार. तुम्ही म्हणायच्या, "मंग सगळी माझ्याचकडं का येत्यात?" मी म्हणायची, "कारण तुम्ही दुसऱ्या कोणाला करूच देत नाही." त्यावर तुम्ही माझ्या अंगावर परातीतलं पाणी उडवायच्या.

सिद्ध करून दाखवायचं म्हणून एकदा तुम्ही माहेरी गेल्यावर मी हात न लावता मलम केलं. ताकाची रवी घेतली आणि डेऱ्यात घुसळलं. घुसळलं छान, पण प्रत्येक वेळी पाणी निथळून काढता येईना, ते आतच राहिलं. दिसायला पांढरं, हातावर घेतलं की रवाळ, आणि थोड्याच दिवसांत असा वास मारायला लागलं की मांजरसुद्धा फडताळाकडे फिरकेना. तुम्ही परत आल्यावर बरणीत नाक घातलंत आणि ओट्यावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. "बघ, हात लागतोय." मी म्हटलं, "हाताने पाणी चांगलं निघतं म्हणून. त्यात गुणाचा काय संबंध?" पुन्हा डोक्यावर पाणी.

आपलं मोठं भांडण मात्र हसण्यावारी गेलं नाही. माझ्या धाकट्याच्या मानेवर गजकर्ण उठलं आणि मी तुम्हाला न विचारता त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तुमच्यावर विश्वास नव्हता असं नाही. मला लवकर हवं होतं, एवढंच. तुम्हाला ते लागलं. तुम्ही अबोला धरलात. स्वयंपाक दोघींचा, पाणी दोघींचं, आणि बोलणं भिंतीशी. "कोनीतरी मीठ द्या," असं तुम्ही चुलीला सांगायच्या. त्यातच मलमाचा दिवस आला. मला वाटलं, आता एकट्या करतील. तुम्ही परात मांडलीत, पाणी भरलंत, आपल्या जागेवर बसलात आणि वाट पाहत राहिलात. मी जाऊन समोर बसले. दोघी अवाक्षर न काढता फेटत होतो. पाण्याखाली हाताला हात लागत होता, आणि तुम्ही तो बाजूला घेत नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ही बाई माझी आहे.

मलम बरणीत भरून झाल्यावर तुम्ही विचारलंत, "बरं झालं का पोराचं?"

"झालं."

"झालं न्हवं? मंग कुनाच्याबी हातानं का हुईना."

मी संधी सोडणार होते थोडीच! "म्हणजे हाताचा गुण नाही, हे कबूल झालं."

"त्या डाक्टरच्या हातालाबी गुन आसंल की," तुम्ही शांतपणे म्हणालात.

तुम्हाला हरवणं किती अवघड होतं, जाऊबाई! कुठूनही आलात तरी तुम्ही आपल्याच अंगणात उतरायच्या.

लढाईच्या दिवसांत राळ मिळेनाशी झाली. नगरच्या दुकानातूनही माणसं रिकाम्या हाताने यायची. तुम्ही राळेशिवाय मलम करायला तयार नव्हता. मी मधाच्या पोळ्याचं मेण तेलात वितळवून काहीतरी केलं, हिवाळ्यात ओठ आणि गाल उलतात त्यासाठी. तुम्ही ते करताना बाजूला उभ्या राहून नाक मुरडलंत. पण दारात कोणी ओठ फुटलेलं आलं की तुम्ही ओरडून सांगायच्या, "त्ये माझ्याकडं न्हाई, धाकलीकडं. तिच्या हातचं लागतं त्याला." मी चिडायची. हात कसला, मेण आहे ते! तुम्ही माझंच नाव करत होता, आणि मी तुमच्याशी शब्दावरून भांडत होते. हे मला त्या वेळी दिसलं नाही असं नाही. पण दिसलं तरी आपल्यात कोण कोणाला चांगलं बोलत होतं?

शेवटच्या तापात तुमचे ओठ पांढरे पडून चिरले होते. पाणीही नीट पिता येत नव्हतं. मी ते मेणाचं मलम घेऊन बसले आणि करंगळीने तुमच्या ओठांना लावलं. तुम्ही डोळे उघडलेत. माझ्याकडे पाहिलंत, बराच वेळ. मला वाटलं आता काहीतरी बोलाल. इतके दिवस उशाशी बसले आहे, एक शब्द तरी. तुम्ही काहीच न बोलता तोंड भिंतीकडे वळवलंत. मला वाईट वाटलं, खरं सांगते. उठून बाहेर गेले आणि भांडी उगाच आपटली. मग भांडी घासता घासता डोक्यात आलं, की औषध लावणाऱ्याला काही बोलायचं नाही, हा तर तुमचाच नियम. तुम्ही नियम पाळलात की तुम्हाला नुसती ग्लानी होती? दुसऱ्या दिवशी विचारेन म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारण्यापलीकडे गेल्या होत्या.

मग सुतक लागलं. फडताळात तुमच्या हातचं शेवटचं मलम होतं, बरणीच्या तळाशी थोडंसं. वर पाणी. ते पाणी रोज बदलावं लागतं, हे मला तुमच्याइतकंच ठाऊक होतं. रोज सकाळी फडताळापाशी जायची आणि थबकायची. सुतकात औषधाला हात लावायचा नाही. आयुष्यभर तुमचे नियम मोडण्यात मी धन्यता मानली, आणि तुम्ही गेल्यावर मात्र म्हटलं, निदान आता तरी त्यांच्या मनाप्रमाणे करावं. दिवस झाले, घर सारवलं, आणि मी बरणी उघडली. पाणी शेवाळलं होतं. मलम पिवळं पडून खवट झालं होतं. तुमचा नियम पाळून मी तुमचं शेवटचं मलम घालवलं, जाऊबाई. तिथेच फडताळाला डोकं टेकून मी रडले. तेराव्यापर्यंत इतकी रडले नव्हते.

दोन दिवसांनी मी तीन दगड मांडले. राळ आता पुन्हा मिळते. तेल, पाला, टाकळा, सगळं तसंच. परातीत तेल ओतलं आणि फेटायला बसले, तर परात गरगर फिरायला लागली. समोरून दाबून धरणारे हात नव्हते. इतकी वर्षं मला हे ठाऊकच नव्हतं की परात जागेवर राहते ती दुसऱ्या बाजूच्या माणसामुळे. शेवटी खाली ओलं पोतं घातलं. तुम्ही म्हणायच्या तसं हाताला कळेपर्यंत धुतलं. पांढरं झालं, मऊ झालं, बोटांतून निसटलं. चांगलं झालं. आणि त्याचंच मला भय वाटलं. हे तुमच्याइतकंच लागू पडलं, तर आपल्या भांडणात मी जिंकले. मग गुण मलमाचा ठरला, आणि तुमच्या हाताशिवाय गावाचं चालेल असं ठरलं. मला जिंकायचं होतं, पण तुम्ही समोर बसलेल्या असताना. असं नव्हे.

गावाने मात्र माझी ती भीती वाटेला लावली. कोणी माझं मलम घेईचना. एक आला, दोन आले, सगळे तुमच्या हातचं विचारून परत गेले. बरणी भरलेली, आणि मी तिचं पाणी रोज बदलत होते.

मग गेल्या आठवड्यात हमीदा धावत आली. कडेवर तिची लहानगी मुन्नी, मुन्नीच्या पायावर गरम पेज सांडलेली. फोड मोठे नव्हते, पण पोर रडून निळी झाली होती. "बाई, थोरल्या बाईंचं मलम द्या," एवढंच ती म्हणाली. मी सांगायला तोंड उघडलं. मग पोरीकडे पाहिलं. सांगितलं आणि ही परत फिरली तर? मी पाय गार पाण्याने धुतला, बरणी काढली, दोन बोटांवर मलम घेऊन लावलं, आणि पानावर थोडं घालून दिलं. हमीदाने तुमचा नियम तंतोतंत पाळला. एक शब्द नाही, मागे वळून पाहणं नाही. मी मात्र नंतरचे दिवस ताटकळत काढले. पोरीचा पाय बरा व्हावा असं वाटत होतं, ते आईला वाटतं तसंच. आणि मनाच्या एका कोपऱ्यात, सांगायला लाज वाटते, असंही वाटत होतं की अगदी तुमच्या मलमाने व्हायचा तसा मात्र होऊ नये.

आज हमीदा आली. मुन्नी स्वतःच्या पायाने चालत, पुढे पुढे. फोड बसले होते, नवी गुलाबी कातडी दिसत होती. हमीदाने मेंदीचा भारा ओट्यावर ठेवला, आणि पोरीचा पाय मला दाखवून म्हणाली, "थोरल्या बाई गेल्या, पन त्यांचा हात अजून काम करतोय बगा."

आता मात्र गप्प बसणं शक्य नव्हतं.

"हमीदा, ते त्यांच्या हातचं नव्हतं. त्यांचं खराब झालं. ते मी केलेलं होतं, त्या गेल्यानंतर. तुला त्या दिवशी सांगितलं नाही."

मला वाटलं, ही आता रागावेल. पोरीच्या पायाच्या बाबतीत खोटं बोललात म्हणेल. तिने पायाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मंग त्यांचंच की," ती म्हणाली.

"अगं, मी केलं म्हणते ना! मी एकटीने."

"बाई," हमीदा ओट्यावर टेकत म्हणाली, "मी मेंदी घिऊन यायची तवा बगायची. इतकी वर्सं एका परातीत तुमचे चार हात फिरत हुते. त्यातला त्यांचा हात कुठला नि तुमचा कुठला, ते तुमाला तरी आता सांगता येतंय का?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर असतंच, हे तुम्हाला माहीत आहे. तेल म्हणणार होते, राळ म्हणणार होते. मुन्नी ओट्यावर उड्या मारत होती, आणि मी माझे दोन्ही हात पुढे धरून वेड्यासारखी पाहत बसले.

हरले मी, जाऊबाई. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि आनंदाने हरले. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता, आणि पुढचे कितीतरी दिवस पाटावर धुणं धुणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितलं असतंत की धाकलीची बोलती बंद झाली. ते ऐकायला तुम्ही नाहीत, एवढं एकच भांडण आता माझं तुमच्याशी उरलं आहे.